दयासनाची जाडी

विक्रोळी
२५ फेब्रुवारी २०२५

झाकण उलटं करून पाहिलं, फिरवून पाहिलं, मग चौघांनी मिळून वरून दाबलं. बसलं नाही. पेटीच्या कंगोऱ्यावर टेकून राहिलं. उपासना संपून मुलुंडची सगळी मंडळी हॉलमध्ये बघत उभी होती. पाळकसाहेब म्हणाले, "जयवंतराव, आधी चहा घेऊ." मी खिशातली टेप काढली. लांबीला आठ मिलिमीटर जास्त, रुंदीला पाच.

ताई, हे रविवारी झालं. झाकण हर्षदने केलं होतं.

तुला माहीत आहे, यंदा दुःखसप्ताहात मंडळी जुन्या करारातल्या निवासमंडपातल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडते आहे. सगळं शास्त्रातल्या मापाच्या निम्म्याने. होमवेदी, गंगाळ, समर्पित भाकरीचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, एवढं मी करून दिलं. प्रत्येक वस्तूपाशी उभं राहून ती ख्रिस्ताची खूण कशी, हे पाळकसाहेब सांगणार. कराराचा कोश राहिला होता. पेटी मी केली. वरचं झाकण, दयासन, हर्षदला दिलं. अकरा महिने तो प्यायला नव्हता. म्हटलं, सर्वांत पवित्र वस्तू त्याच्या हातून होऊ दे.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "पिऊन मोजलंस का?"

तो म्हणाला, "नाही, बाबा." मला ऐकू आलं नाही, ओठ दिसले. मी म्हणालो, "मोठ्याने बोल. सगळ्यांना ऐकू दे."

त्याने झाकणावरचं मखमली कापड उचललं, चार घड्या घातल्या, झाकणावर ठेवलं आणि गेला. दोन दिवस घरी नाही. फोन बंद. शेजारच्या शांताबाईंनी तुला फोन लावला तर तू "बघते" एवढंच म्हणालीस. बघते म्हणजे काय? मला फोनवर आवाज येतो, शब्द येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. स्पष्ट लिही.

जयवंत

---

बोरिवली
१ मार्च २०२५

जया,

बघते म्हणजे समोर बसलेल्याला बघत होते. तो मान हलवून सांगू नको म्हणत होता.

माझ्याकडेच आहे. वास घेऊन पाहिला. माझं कंबरेचं हाड मोडलंय, नाक नाही. प्यायलेला नव्हता. आल्या आल्या ओट्यावरची भांडी घासली आणि मला चहा दिला. साखर इतकी की चमचा उभा राहावा. तू त्याला आईवेगळं वाढवलंस, पण चहा शिकवला नाहीस.

अकरा महिने, जया. डॉक्टरांनी सांगून तुला भात कमी करता आला नाही.

तो आता मोठ्याने बोलतच नाही. तू हॉलमध्ये जे सांगितलंस त्याचा हा परिणाम म्हण. माझ्या खाटेशी बसून हळू आवाजात एकच गोष्ट विचारत राहतो, दयासनाची जाडी. मी काढून बघितलं. बायबलात, निर्गमात, कोशाची लांबी, रुंदी, उंची सगळं आहे. दयासन अडीच हात लांब, दीड हात रुंद. जाडी दिलेलीच नाही. चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकवलं मी. बाभळीचं लाकूड म्हणजे प्रभूचं माणूसपण, सोनं म्हणजे देवपण, किरमिजी सूत म्हणजे रक्त. जाडी नाही हे कधी लक्षात आलं नव्हतं. शिकवायची सवय जात नाही, म्हणून मी म्हणाले, "दयेला माप नसतं, म्हणून नसेल दिली."

तर म्हणाला, "माप नसलं तर आत्या, कापायचं कुठून?"

मग म्हणाला, "बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुला वाटेल तेवढी ठेव. असं ते जन्मात कधी बोलले नव्हते."

हे सांगताना तो हसला. मला ते बघवलं नाही.

त्याला एक ओळ लिही. मला नको, त्याला. वेगळी चिठ्ठी करून याच पत्रात घाल.

विमला

---

विक्रोळी
७ मार्च २०२५

ताई,

पत्र मिळालं. तो तुझ्याकडे आहे, बरं झालं.

इथे काम चालू आहे. दीपवृक्षाच्या सात शाखांना पत्रा मारून झाला. पाळकसाहेब काल घरी येऊन गेले. प्रत्येक वस्तूपाशी लावायच्या पाट्या दाखवल्या. वेदी म्हणजे वधस्तंभ. भाकरी म्हणजे जीवनाची भाकर. अंतरपट म्हणजे प्रभूचा देह, जो उत्तम शुक्रवारी फाटला. अक्षर चांगलं आहे. कोशाची पाटी अजून कोरी आहे. त्यांनी झाकणाबद्दल विचारलं नाही, मीही काढलं नाही.

मी झाकण पुन्हा मोजलं. चूक विचित्र आहे. लांबी आणि रुंदी एकाच प्रमाणात वाढली आहे. प्यायलेला माणूस असा चुकत नाही, हे मला मान्य आहे. मग असं का व्हावं, ते कळत नाही.

रंधा मारता येणार नाही, कारण पितळी पत्रा चढवून झाला आहे. नवीनच करावं लागेल. उत्तम शुक्रवार १८ एप्रिलला आहे. वेळ आहे. त्याने यावं आणि करावं.

चिठ्ठीचं म्हणशील तर काय लिहायचं ते सुचलं नाही. तीन कागद घेतले. मी वाट बघतो आहे असं त्याला सांग. नको, ते सांगू नकोस. नुसतं झाकणाचं सांग.

जयवंत

---

बोरिवली
१४ मार्च २०२५

जया,

पाकीट त्यानेच उघडलं. आतला कागद काढून पाकीट उलटं करून झटकलं. मग तुझं पत्र वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून. "एकाच प्रमाणात" या शब्दांशी थांबला.

म्हणाला, "आत्या, बाबांना कळलंय."

"काय कळलंय?"

"काही नाही. त्यांनी सांगितलं तर सांगतील."

तुम्ही दोघं बापलेक एका लाकडाचे. परवा माझी शिवणकामाची टेप मागून घेतली आणि तू दिलेली ती स्टीलची पट्टी तिच्याशेजारी ठेवून तासभर बसला होता. मी म्हटलं, "ब्लाऊज शिवतोस की काय?" तर म्हणाला, "आत्या, तुझी टेप खरी आहे." मला यातलं कळत नाही. तुला कळत असेल तर लिही.

अंधेरीला एकाकडे स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवायच्या कामाला जातो. सकाळी जातो, येतो. बरा आहे.

तुझं पत्र त्याने स्वतःकडे ठेवून घेतलं. मी म्हटलं, "तुझ्या नावाचं त्यात काही नाही रे." तर म्हणाला, "असू दे, बाबांचं अक्षर आहे."

आता चिठ्ठी राहू दे. तूच ये. विक्रोळीहून बोरिवलीला माणसं रोज कामाला येतात.

विमला

---

विक्रोळी
२८ मार्च २०२५

ताई,

हे पत्र हर्षदला वाचून दाखव.

मी कंपनीत पस्तीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केले. लाकडाच्या साच्यावरून वाळूत खोलगट आकार घेतात आणि त्यात वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो. म्हणून साचा मुळातच थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, याचा हिशेब कारागीर दर वेळी करत बसत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी असते. तिच्यावर लिहिलेला एक सेंटिमीटर हा खऱ्या सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. पितळेसाठीची पट्टी दीड टक्का मोठी. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्या. फरक सांगणारा एक बारीक शिक्का टोकाला असतो. माझ्या पट्टीवरचा तो शिक्का माझ्याच अंगठ्याने घासून गेला होता. मला त्याची गरज नव्हती. माझ्या हातात तीच असायची.

हर्षदला न पिता सहा महिने झाले त्या दिवशी मी त्याला ती पट्टी दिली. म्हटलं, माझी चांगली पट्टी आहे, आता तू वापर. कसली पट्टी ते सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याने दयासन त्या पट्टीने केलं. मी पेटी टेपने केली.

आठ आणि पाच. दोन्ही दीड टक्का. हा आकडा माझ्या हाडात आहे. त्या रविवारीच घरी येऊन भागाकार केला आणि कळलं. सात तारखेच्या पत्रात कळत नाही असं लिहिलं ते खोटं होतं.

का लिहिलं, ते सांगतो. पस्तीस वर्षांत माझा एकही साचा फाउंड्रीतून परत आला नाही. दुसरं माझ्यापाशी काय आहे? बायको गेली, कान गेले. मुलगा दहा वर्षं गुत्त्यात होता. माझं माप चुकत नाही, एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो.

हर्षद, तू बरोबर मोजलंस. पट्टी माझी होती.

उत्तम शुक्रवारी प्रदर्शनात, जिथे बोललो तिथेच, मंडळीसमोर हे सांगेन. ताई, तुला उठता येत नाही, पण त्याला पाठव. त्याने समोर असावं.

जयवंत

---

बोरिवली
२ एप्रिल २०२५

जया,

कुणाला वाचून दाखवू? तो वीस मार्चला इथून निघून गेला. कामाच्या ठिकाणी विचारलं, तिथेही त्या दिवसापासून नाही. फोन लागत नाही. शांताबाईंना मी दोनदा फोन केला, तर त्या सुनेच्या बाळंतपणाला गावी. आज येईल, उद्या येईल, असं करत तुला लिहायचं राहिलं. त्यात तुझं हे पत्र आलं.

आता माझं ऐक. बरा आहे, असं मी लिहिलं ते खोटं होतं. तुझं सात तारखेचं पत्र आलं, पाकीट झटकून झालं, त्याच दुपारी तो खाली गेला आणि पिऊन आला. मग रोजचंच झालं. पिऊन यायचा आणि माझी भांडी घासायचा. एकही भांडं फोडलं नाही. मी हे धड नाक घेऊन खाटेवर पडून राहिले आणि तुला लिहिलं, बरा आहे. का, तर तू म्हणशील, बघ, मी म्हणत नव्हतो? तुला ते म्हणायला मिळू नये म्हणून मी त्याला पिऊ दिलं. हे मला प्रभूसमोर सांगता येत नाही. तुला सांगते.

तू आठ मिलिमीटर लपवलेस. मी माणूस लपवला.

त्याची हत्यारांची पिशवी इथेच आहे. पट्टी तिच्यात आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "शेवटी जाडी किती ठेवलीस रे?" म्हणाला, "दोन बोटं. बाबा दुपारी झोपले होते तेव्हा त्यांच्या बोटांना दोरा लावून घेतला. पट्टी नाही लावली."

धूपवेदी म्हणजे प्रार्थना, धूर जसा वर जातो तशी ती वर जाते, असं मी मुलांना सांगायचे. इथे पडल्या पडल्या वर बघते. पंखा आहे.

शोध त्याला.

विमला

---

विक्रोळी
१३ एप्रिल २०२५

ताई,

सापडला.

आठ दिवस अंधेरीत हिंडलो. पोलीस ठाण्यात फोटो दिला. मी विचारायचो, लोक उत्तर द्यायचे, आणि मला ते कळायचं नाही. मग एक पाटी करून गळ्यात अडकवली. "ऐकू येत नाही, लिहून द्या." लोकांनी पाच-पाच रुपये दिले.

परवा दारात हवालदार उभा. हातात माझंच पत्र, सात मार्चचं. एका बसस्टॉपमागे पडलेला माणूस, खिशात एवढाच कागद, आणि मागच्या बाजूला माझा पत्ता. घाटकोपरला हॉस्पिटलमध्ये आणलं होतं.

अंग पिवळं झालं आहे. पोट फुगलं आहे. रक्ताच्या उलट्या होऊन गेल्या. शुद्धीवर नाही. डॉक्टरणीने मला कागदावर लिहून दिलं. यकृत संपलं आहे. आणायला उशीर झाला. खाली तिने सॉरी लिहिलं होतं. मग ते खोडून पुन्हा नीट अक्षरात लिहिलं.

मी रोज त्याच्या कानाशी बसून सांगतो. पट्टी माझी होती, दीड टक्का, तू बरोबर मोजलंस. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. आज शेजारच्या खाटेवरच्या सहदेव नावाच्या माणसाने माझ्या हातातला कागद घेऊन लिहिलं, "काका, सगळ्या वॉर्डाला कळलं. हळू."

सगळ्या वॉर्डाला कळलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

जयवंत

---

बोरिवली
१५ एप्रिल २०२५

जया,

मला उचलून तिथे आणेल असं कोणी नाही. कागद कोरा जाऊ नये म्हणून लिहिते.

त्याच्या पायावर चादर घाल. लहानपणी पाय उघडे राहिले की झोपायचा नाही.

शुक्रवारी सांगणार होतास ते सांग. तो तिथे नसला तरी सांग.

विमला

---

विक्रोळी
उत्तम शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

ताई,

सांगितलं.

नवीन झाकण केलं नाही. तेच ठेवलं, कंगोऱ्यावर टेकलेलं. सकाळीच पाळकसाहेबांना सगळं लिहून दिलं. पट्टीचं, हर्षदचं, माझं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले, माझे हात धरले. मला वाटलं त्यांना समजलं.

दुपारी तीनला मंडळी जमली. वेदीपासून सुरुवात केली. प्रत्येक वस्तूपाशी थांबत, बोलत, शेवटी कोशाशी आले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्या कोऱ्या पाटीवर आता अक्षरं होती. मी वाचली. "कोश म्हणजे नियम. दयासन म्हणजे ख्रिस्त. दया नियमाहून मोठी, म्हणून ती नियमात मावत नाही."

लोक रडत होते, ताई. पुढच्या रांगेतल्या बायका झाकणाला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. आठ मिलिमीटर बाहेर आलेल्या त्या काठाला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ही खूण नाही. ही चूक आहे. माझी आहे. माझा मुलगा प्यायला नव्हता. मी त्याला खोट्या मापाची पट्टी दिली आणि इथे, या जागेवर, त्याला दारुडा म्हणालो. कारण कळल्यावरही गप्प बसलो. तो मरतो आहे. याचा कसलाही अर्थ नाही. कृपा करून याचा अर्थ लावू नका."

ओरडलो असेन. माझा मला आवाज कळत नाही.

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मंडळीकडे बघून काहीतरी म्हणाले. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि मिटली. आमेन म्हणाले. त्यांना ती देवाच्या कृपेची साक्ष वाटली. नंतर एकाने लिहून दाखवलं, "जयवंतराव, इतकी सुंदर साक्ष या हॉलमध्ये कधी झाली नव्हती."

माणसं चहाला गेल्यावर मी कोशाशी गेलो. दयासनाच्या काठाला दोन बोटं आडवी लावली. दोन बोटं. वर नाही, खाली नाही. एवढं एक माप त्याने माझ्या पट्टीशिवाय घेतलं होतं.

तिथून हॉस्पिटलला गेलो. पाच वाजले होते. हर्षदचे डोळे उघडे होते. मी पुढे वाकलो. त्याने मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगेन. मी पुन्हा सगळं सांगितलं, हळू सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकत होता. मग काहीतरी बोलला. तीन-चार शब्द असतील. ओठ सुजलेले आहेत, कोरडे आहेत, वाचता आले नाहीत. मी म्हणालो, "पुन्हा बोल, मोठ्याने बोल."

तोंडून निघून गेलं, ताई. तेच शब्द.

त्याने डोळे मिटले. मी सहदेवला विचारलं, काय म्हणाला? त्याने लिहिलं, "नीट ऐकलं नाही काका. पाणी म्हणाला असेल."

मी चमच्याने पाणी घातलं. ते बाहेर आलं.

पाय चादरीत आहेत. दोनदा बघितले.

जयवंत

शनिवार, १९ एप्रिल. पाकीट कालच बंद केलं होतं, ते उघडून लिहितो आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हर्षद गेला. पेटीवाल्याचा मुलगा माप घ्यायला आला होता. मी त्याला थांबवलं आणि खिशातल्या टेपने मीच घेतलं. पाच फूट साडेसहा इंच. दोनदा घेतलं.